पाण्याचा पक्षी, कोरडे अंथरूण

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत बदकांच्या पिल्लांविषयीची पत्रे अनपेक्षितपणे अधिक आहेत. परसात कोंबड्या पाळण्याची सवय असलेल्या घरांत आता हौसेने बदके आणली जात आहेत, आणि कोंबडीचे ज्ञान जसेच्या तसे बदकाला लावल्यामुळे, किंवा याच्या उलट ‘बदक म्हणजे पाणी’ एवढेच ध्यानात धरल्यामुळे, पहिल्या पंधरवड्यातच पिल्ले दगावल्याचे अनेकांनी कळवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आठवडी बाजारातून तीन-चार दिवसांची दहा पिल्ले आणली. खोक्यात वर्तमानपत्र अंथरून, वर एलईडी दिवा लावून ती पडवीत ठेवली आणि पोहण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले आत ठेवले. पिल्ले आनंदाने पोहत होती, तरीही तीन दिवसांत चार मेली. काही रोग असेल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण केलेले वर्णन वाचता रोगाची शंका घेण्याची मला गरज वाटत नाही. आपली पिल्ले गारठून मेली असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि त्याला घमेले, वर्तमानपत्र व दिवा या तिन्हींनी हातभार लावला आहे.

बदकीण स्वतः उबवलेली पिल्ले पहिल्या दिवसापासून पाण्यात नेते, हे खरे आहे. परंतु ती पिल्ले पाण्यातून बाहेर येताच आईच्या पंखांखाली शिरतात, तिथे वाळतात आणि तिच्या पिसांवरचे तेल त्यांच्या लवेला लागत राहते. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते व ते तेल चोचीने अंगभर लावल्यामुळे पिसांवर पाणी ठरत नाही. मात्र लहान पिल्लाची ही व्यवस्था अजून अपुरी असते. यंत्रात किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला आईचे तेल मिळत नाही, आणि यंत्रातल्या पिल्लाला तर ऊब देणारे पंखही मिळत नाहीत. त्याची लव कापसासारखी भिजते, अंगातील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि सकाळी ते पाय ताणून निपचित पडलेले आढळते. घमेल्याच्या कडा उभ्या असल्यामुळे दमलेल्या पिल्लाला बाहेर चढून येता येत नाही, हा आणखी एक धोका. पाण्याच्या पक्ष्याचे पिल्लू घमेल्यात बुडून मरते, यावर आमच्याकडील वडीलधाऱ्या मंडळींचा कधी विश्वास बसला नाही. मी मात्र अशी पिल्ले स्वतः बाहेर काढली आहेत.

तेव्हा घमेले आजच बाहेर काढावे. पिण्यासाठी पसरट परंतु अरुंद तोंडाचे भांडे ठेवावे आणि त्यात पाच ते साडेसात सेंटिमीटर खोल पाणी असावे. पिल्लाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे, कारण ते पाण्यानेच नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ करते. भांडे फार उथळ असेल तर नाकात खाद्य साचते व डोळे चिकटतात. परंतु आत उतरून बसता येईल एवढी जागा त्या भांड्यात नसावी. साध्या थाळीच्या मध्यभागी एक धुतलेला मोठा दगड ठेवला तरी हे काम होते.

दुसरी गोष्ट दिव्याची. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. पूर्वी खोक्यावर साठ वॅटचा तारेचा पिवळा दिवा टांगला की काम भागत असे, आणि त्या आठवणीवर विसंबून आज अनेकजण एलईडी लावून निश्चिंत होतात. तारेचा दिवा मिळाला तर उत्तम. नाही तर पक्षिपालनाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांतून अवरक्त किरणांचा दिवा आणावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत चौथ्या आठवड्यात २४ अंशांपर्यंत आणावे. तापमापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून केविलवाणी ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली आहे. आणि विखरून निवांत झोपली असतील तर दिवा योग्य उंचीवर आहे असे समजावे. खोक्याच्या एका टोकालाच दिवा ठेवावा, म्हणजे हवे तिथे बसण्याची मोकळीक त्यांना राहते. दिवा वायरीवर न लोंबवता साखळीने किंवा मजबूत तारेने बांधावा आणि त्याला झाकण असावे, कारण बदकाचे पिल्लू पाणी उडवते आणि तापलेल्या काचेवर थेंब पडला की काच तडकते.

आपल्या भागात पावसाळ्यात वीज जाते, हे गृहीत धरूनच तयारी ठेवावी. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवाव्यात, दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावे आणि खोक्यावर हवा खेळण्यापुरती जागा सोडून गोधडी घालावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू पिल्लांना आणि घरातील माणसांनाही मारू शकतो.

आता वर्तमानपत्राविषयी. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय सरकतात, फाकतात आणि काही दिवसांत ते तसेच कायमचे फाकलेले राहू शकतात. त्याऐवजी दोन-तीन इंच जाडीचे भाताचे तूस किंवा लाकडाचा जाड भुसा पसरावा. अगदी बारीक भुसा पिल्ले खाद्य समजून खातात, म्हणून पहिले दोन दिवस त्यावर गोणपाट अंथरावे. बदकाच्या विष्ठेत पाण्याचे प्रमाण फार असते, शिवाय ते पिताना पाणी सांडत असते. त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांखाली जी गादी आठवडाभर टिकते ती बदकाखाली दुसऱ्या दिवशीच ओली होते. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय असा, की खोक्याच्या थंड टोकाला एक पत्र्याची परात ठेवावी, तिच्यावर अर्ध्या इंचाची जाळी ताणून बसवावी आणि पाण्याचे भांडे त्या जाळीवर ठेवावे. सांडलेले पाणी परातीत जाते व गादी कोरडी राहते. तरीही ओला झालेला भाग रोज काढून नवे तूस टाकावे. गादीवर हात दाबल्यास तळहात कोरडा राहिला पाहिजे.

उरलेल्या सहा पिल्लांना पोहू द्यायचे असेल तर तिसरा-चौथा आठवडा उजाडू द्यावा, आणि तेव्हाही भर दुपारच्या उन्हात, उतरता दगड ठेवलेल्या उथळ पाण्यात, दहा मिनिटांपुरते सोडून नंतर फडक्याने पुसून घ्यावे. पोटाखाली खरी पिसे आली की मग आपल्या परवानगीची त्यांना गरज राहत नाही.

प्रश्न : आमची बदके तीन आठवड्यांची आहेत. त्यांना कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य, उरलेला भात आणि पाव देतो. दोन पिल्लांचे पाय धनुष्यासारखे वाकले असून ती बसूनच राहतात. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे लक्षण ‘ब’ गटातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असावे. बदकाच्या पिल्लाला नायसिनची गरज कोंबडीच्या पिल्लाच्या दीडपट ते दुप्पट असते. त्यामुळे कोंबडीसाठी परिपूर्ण असलेले खाद्य बदकाला अपुरे पडते, आणि त्यात भात-पाव मिसळला की ते अधिकच पातळ होते. भात व पाव तूर्त पूर्ण थांबवावा. ब्रुअर्स यीस्टची, म्हणजे बिअर बनवण्यासाठी वापरतात त्या यीस्टची वाळवलेली पूड मिळाल्यास एक किलो खाद्यात सुमारे पन्नास ग्रॅम मिसळावी. पाव फुगवण्यासाठी वापरतात ते जिवंत यीस्ट यासाठी वापरू नये. ज्या दोन पिल्लांना चालता येत नाही त्यांना मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन ब-जीवनसत्त्वाची योग्य मात्रा विचारून घ्यावी. लवकर हाती घेतल्यास पाय सुधारतात, परंतु सांधे एकदा वाकड्या स्थितीत पक्के झाले की फारसे काही करता येत नाही.

स्टार्टर खाद्य घेताना ते औषध मिसळलेले नाही याची दुकानदाराकडे खात्री करावी. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीसाठी खाद्यात मिसळली जाणारी काही औषधे बदकांना बाधतात. पहिले तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिने असलेले आणि त्यानंतर १६ ते १८ टक्क्यांचे खाद्य द्यावे. अतिपौष्टिक खाद्य पुढे चालू ठेवल्यास पंखांची पिसे हाडांच्या मानाने लवकर जड होतात आणि पंखाचे टोक बाहेर वळते, ते आयुष्यभर तसेच राहते. कोरडे पीठ बदकाच्या चोचीत चिकटते, म्हणून ते पाण्याने भुरभुरीत ओलसर करून, दोन तासांत संपेल एवढेच द्यावे. आंबलेले खाद्य टाकून द्यावे. आणि खाद्य आहे पण पाणी नाही, अशी वेळ कधीही येऊ देऊ नये, कारण बदक प्रत्येक घासाबरोबर पाणी पिते व पाण्याविना घास त्याच्या घशात अडकतो.

कोकणात सुकट घालण्याची पद्धत आहे आणि ती प्रथिनांच्या दृष्टीने चांगलीही आहे. परंतु मीठ लावून सुकवलेली मासळी पिल्लांना विषासमान ठरते. बिनमिठाचा उन्हात वाळवलेला जवळाच द्यावा. यापेक्षाही गंभीर इशारा बुरशीचा आहे. दमट हवेत ठेवलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि त्याला बदकाचे पिल्लू इतर पाळीव पक्ष्यांपेक्षा कितीतरी लवकर बळी पडते. हे विष सापडले तेच मुळी पक्ष्यांच्या मृत्यूंतून. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही मेली, आणि पुढे धान्यात हे विष आहे की नाही हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांनी बदकाच्या पिल्लांचाच वापर केला. पावसाळ्यात आठवड्यापुरतेच खाद्य आणावे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि कुबट वास आलेले खाद्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणूनही ठेवू नये.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवता येतात का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : अवश्य ठेवता येतात. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात स्वतः सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, त्यामुळे घरगुती पालनात कोंबडीची मदत घेणे हाच सोपा मार्ग आहे. या जातीची माहिती देण्याजोगी आहे : इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधील उली या गावी कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन रनर व रूआँ या बदकांच्या जाती आणि मॅलार्ड हे रानबदक यांच्या संकरातून ती तयार केली, आणि चांगल्या संगोपनात तिची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत आणि धुतलेली नसावीत. बदकाचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे असल्यामुळे गावरान कोंबडीखाली सहा ते आठच ठेवावीत. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला २८, आणि मस्कोव्ही बदकाच्या अंड्याला ३५. त्यामुळे कोंबडी अर्ध्यावर कंटाळणार नाही, म्हणजे नुकतीच खुडूक बसलेली असेल, हे पाहावे. बदकीण पाण्यातून ओल्या अंगाने घरट्यावर येते व अंड्यांना ओलावा देते. कोंबडी तसे करत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून, कोंबडी चरायला उठली की, अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. अंडी जड असल्यामुळे कोंबडीला ती नीट उलटता येत नाहीत, तेव्हा दिवसातून दोन-तीन वेळा ती हाताने फिरवावीत. शेवटच्या तीन दिवसांत मात्र हात लावू नये. कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत एक-दोन दिवसही जातात. या काळात घाईने कवच सोलणारे हात अनेक पिल्लांचा जीव घेतात, कारण आतील पडद्याच्या रक्तवाहिन्या तेव्हा अजून चालू असतात.

पिल्ले निघाल्यावर कोंबडी ऊब देण्याचे काम मन लावून करते. त्यांनी पहिल्यांदा डबक्यात उडी घेतली की काठावर तिची जी तारांबळ उडते ती पाहून हसू येते, परंतु भिजलेली पिल्ले तिच्या पंखांखाली परततील एवढी जवळ ती राहील, याकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न : मुलीच्या हट्टासाठी एकच पिल्लू आणून सदनिकेच्या गॅलरीत वाढवता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आणू नये. बदक कळपाचा पक्षी आहे. एकटे पिल्लू माणसालाच आई समजून सतत मागे फिरते, आणि घर रिकामे झाले की अखंड ओरडत राहते. दोन महिन्यांत ते पूर्ण वाढते, गॅलरी रोज धुवावी लागते, आणि शेवटी असे पक्षी एखाद्या तलावात सोडून दिले जातात, जिथे कुत्री त्यांना दोन दिवसही टिकू देत नाहीत. मुलीला पिल्ले दाखवायची असतील तर पाळणाऱ्याच्या घरी न्यावे, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही पोट बिघडवणारे जंतू असतात.

प्रश्न : बदकांसाठी परसात घर बांधायचे आहे. आकार किती असावा आणि तळे आवश्यक आहे का? – एक वाचक, पालघर

उत्तर : तळे आवश्यक नाही. डोके पूर्ण बुडवता येईल एवढे खोल भांडे असले की बदक निरोगी राहते व अंडीही देते. टाकी बांधायचीच असेल तर ती घरापासून दूर आणि उतारावर बांधावी, म्हणजे तिचे घाण पाणी केळी-नारळाला देता येईल आणि घराभोवती चिखल होणार नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. पहिल्या आठवड्यात दर पिल्लाला अर्धा चौरस फूट, तिसऱ्या आठवड्याअखेर एक, चार महिन्यांपर्यंत तीन, आणि मोठ्या बदकाला रात्रीच्या निवाऱ्यात चार ते पाच चौरस फूट जागा असावी. बदक दांडीवर बसत नाही, त्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्यासारखी उंची किंवा आडव्या काठ्या नकोत. जमीन मात्र महत्त्वाची आहे. चिऱ्याचा वीतभर उंच चौथरा करून त्यावर तुसाची जाड गादी असावी. फरशीवर पाय घसरतात आणि खडबडीत सिमेंटवर तळव्यांना जखमा होऊन त्या पिकतात. दार रुंद ठेवावे, कारण सकाळी सगळा कळप एकदम बाहेर घुसतो आणि अरुंद दारात पाय मुरगळतात. भिंतींच्या वरच्या भागात हवा खेळती राहील अशी जाळी ठेवावी. बंद घरात विष्ठेच्या ओलाव्याने अमोनियाचा वास कोंडतो व डोळे जातात.

आपल्या भागात मुंगूस, रानमांजर, घूस आणि साप हे चारही शत्रू गृहीत धरावेत. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी कुत्रा दाताने फाडतो आणि तिच्यातून मुंगूस पिल्लू ओढतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी आणि ती जमिनीत फूटभर गाडावी. खर्च वाढतो हे मान्य आहे. परंतु मुंगूस एका रात्रीत एक पिल्लू नेऊन थांबत नाही.

मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते आणि बहुतेक सर्व अंडी सकाळी नऊच्या आत देते. म्हणून कळप नऊनंतर बाहेर सोडावा, अन्यथा अंडी पाण्यात आणि झुडपांत शोधत फिरावे लागते.

प्रश्न : नर-मादी कसे ओळखावे? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : सहा ते आठ आठवड्यांनंतर पिल्लू हातात धरावे, मादी मोठ्याने व स्पष्ट ओरडते, तर नराचा आवाज घोगरा व बसलेला असतो. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसे येतात. हा नियम मस्कोव्हीला लागू नाही.

प्रश्न : तलावाकाठी काळी-पांढरी चार पिल्ले एकटी सापडली. ती घरी वाढवू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ती अडई या रानबदकाची पिल्ले असावीत, पिवळसर-तपकिरी असती तर हळदी-कुंकू बदकाची म्हटली असती. दोन्ही रानपक्षी आहेत आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना घरी पाळता येत नाही. माणूस दिसला की आईबाप गवतात दडतात, त्यामुळे पिल्ले एकटी वाटतात. ती सापडली तिथेच काठावरच्या गवतात ठेवून आपण लांब जाऊन तासभर पाहावे. कोणीच आले नाही तर वन विभागाला कळवावे.

प्रश्न : कोंबड्या आणि बदके एकाच खुराड्यात ठेवली तर चालतील का? बर्ड फ्लूची भीती वाटते. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : आपल्या जिल्ह्यातील नवापूर येथेच फेब्रुवारी २००६मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला होता, त्यामुळे आपली भीती अनाठायी नाही. बदकांमध्ये हा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दिसता राहतो आणि तोच कोंबड्यांना गाठला की झपाट्याने मारतो. म्हणून दोघांना वेगळे ठेवावे, आणि रानबदके उतरतात त्या तलावावर आपला कळप नेऊ नये. एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास ते उघड्यावर न टाकता, हाताळणी टाळून, पशुसंवर्धन विभागाला त्वरित कळवावे.

रोगाची गोष्ट बाजूला ठेवली तरी एकत्र ठेवणे सोयीचे नाही. बदके गादी ओली करतात आणि कोंबड्यांना ओल मानवत नाही. बदकांसाठी डक प्लेग या विषाणूजन्य रोगाची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. लहान कळपासाठी कुपी उघडणे परवडत नसल्यास शेजारच्या दोन-चार पाळणाऱ्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा.

प्रश्न : लावणीनंतर भातखाचरात पिल्ले सोडली तर रोपे खातील का? – एक वाचक, कणकवली

उत्तर : रोपे मूळ धरण्याआधी सोडली तर ती खाण्यापेक्षा उपटून टाकतील. लावणीनंतर दोन-तीन आठवडे थांबावे आणि पिल्लेही तोवर किमान तीन-चार आठवड्यांची झालेली असावीत. ती रोपांच्या ओळींमधून फिरताना तण, किडे, गोगलगायी आणि लहान खेकडे टिपतात, पाणी ढवळतात आणि विष्ठेचे खत टाकतात. भाताचे पान खरखरीत असल्यामुळे त्याला ती सहसा तोंड लावत नाहीत. खाचरात किंवा वरच्या बाजूच्या शेतात दाणेदार कीटकनाशक टाकलेले असेल तर मात्र बदके सोडू नयेत, कारण पाणी बांधावरून खाली उतरते आणि बदक तळातील दाणा चाळून खाते. शेजाऱ्याला आधी विचारावे. रोज संध्याकाळी कळप मोजून आत घ्यावा, आणि भाताच्या पोटरीतून, म्हणजे पानाच्या फुगीर वेष्टणातून, लोंबी बाहेर पडू लागली की त्या दिवसापासून बदकांचे खाचरात जाणे बंद करावे, कारण दुधात आलेला दाणा त्यांना गोगलगायीपेक्षा अधिक आवडतो.